मुलीचे कान कशाकडे लागलेत, ते बघा

पत्र: "आम्ही मिरजेचे. मुलगी अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास लावलाय. पण सध्या 'सिल्कसाँग' नावाचा गेम आणि लाइव्ह कॉन्सर्ट यांशिवाय तिला काही सुचत नाही. मामाबरोबर मुंबईला लोलापालूझा या संगीत महोत्सवाला जाऊन आली, तर गाणाऱ्यांपेक्षा स्टेजसमोर गर्दीच्या मधोमध आवाजाचा मिक्सर घेऊन बसलेल्या माणसांबद्दलच बोलत होती. आता म्हणते, गेमचं संगीत करायचंय. हिचे बाबा म्हणतात, गेमवर सरकारनेच बंदी आणलीय. बारावीच्या क्लासची फी भरायची आहे. काय करू?"

ताई, नमस्कार.

बंदीची भीती आधी मनातून काढा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, तोच कायदा मान्यता देतो, आणि तुमच्या मुलीला ज्यात रस आहे तसे गेम बनवायला कसलीच आडकाठी नाही. बाबांना हे शांतपणे सांगा. त्यांची काळजी रास्त आहे, फक्त ती या गेमला लागू नाही.

तुमच्या पत्रातलं मिक्सरचं वाक्य मी दोनदा वाचलं. हजारोंच्या गर्दीत सगळे स्टेजकडे बघत असताना तुमची मुलगी आवाज कुठून सांभाळला जातोय ते बघत होती. नुसत्या चाहत्याचं लक्ष सहसा तिकडे जात नाही.

आता गेमचं बघू. 'सिल्कसाँग' सप्टेंबर 2025 मध्ये आला. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या 'टीम चेरी' नावाच्या अगदी छोट्या स्टुडिओने तो केला, संगीत ख्रिस्तोफर लार्किन यांचं. त्यातल्या नायिकेकडे एक तंतुवाद्य असतं. ती ते छेडते, तेव्हा आसपासची पात्रं तिच्याबरोबर गाऊ लागतात. मुलगी खेळत असताना एकदा शेजारी बसून तेवढं ऐका. तिला काय भुरळ पडली आहे ते माझ्या सांगण्यापेक्षा लवकर कळेल.

सिनेमाचा प्रसंग किती सेकंदांचा, हे संगीतकाराला आधी ठाऊक असतं. गेममध्ये खेळणारा एका दारापाशी दहा सेकंद थांबेल की दहा मिनिटं, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून संगीत थरांमध्ये बांधतात. खाली एक सूर सतत चालू असतो, शत्रू दिसला की त्यावर ताल चढतो, धोका टळला की उतरतो. हा बदल नेमका मात्रेवर व्हावा लागतो, नाहीतर कानाला ठेच लागते. एफमॉड आणि वाइज ही सॉफ्टवेअर याच कामासाठी वापरतात. कॉन्सर्टमधला मिक्सरवालाही पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज घेत आवाज सांभाळत असतो. तुम्हाला मुलीचे दोन नाद दिसतात, मला एकच दिसतो: त्या त्या क्षणी घडणारा आवाज हाताळण्याची ओढ.

ही ओढ कितपत टिकाऊ आहे, ते मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. ते काम करूनच कळेल, आणि त्यासाठी मिरजेसारखं गाव नाही. तुमच्याकडच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत जाऊन, रीतसर परवानगी घेऊन, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडीला दिलेला घाट, लावतानाचे आवाज तिला रेकॉर्ड करू दे. कानशीचा खरखराट, तार पिळतानाचा चढता सूर, जवारी खुलण्याआधीचा बोदा आवाज, मोबाइलवर घेतला तरी चालेल. मग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये तो साफ करून गोडॉ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका खोलीचा छोटासा गेम बनवायचा: पात्र चाललं की एक थर, थांबलं की दुसरा. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. दरवर्षी जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम असतो, तिथे अनोळखी मंडळी एकत्र येऊन दोन-तीन दिवसांत गेम बनवतात. आवाजाची बाजू सांभाळायला तिने त्यात उतरावं. शिवाय गणपतीत एखाद्या ओळखीच्या साउंडवाल्याबरोबर केबल गुंडाळण्यापासून लाइन चेकपर्यंतचं (प्रत्येक माइकचा आवाज मिक्सरपर्यंत पोचतो का ते तपासण्याचं) काम बघू द्या. कंटाळवाणं कामही ती मनापासून करते का, याकडे लक्ष ठेवा. मला सगळ्यात जास्त भरवसा त्याच खुणेवर वाटतो.

शिक्षणाचं म्हणाल, तर सायन्स अजिबात सोडू नका. अकरावीच्या भौतिकशास्त्रात 'ध्वनी' आहे, बारावीला तरंगांचं अध्यारोपण येतं, आणि तिला पुढे आवाजाचं प्रोग्रॅमिंग करावंसं वाटलं तर गणित लागणारच. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे, ती बारावीच्या वर्षी जानेवारीत होते. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचा ध्वनीचा अभ्यासक्रम आहे, आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस. (पदव्युत्तर शिक्षण) आहे. अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. पुण्यात, मुंबईत गेम स्टुडिओ आहेत, पण त्यांत आवाजाच्या जागा प्रोग्रॅमर आणि चित्रकारांच्या मानाने फार कमी. बहुतेकांची सुरुवात फुटकळ कामांनी होते. म्हणून हातात एक भक्कम पदवी हवी. तरी बाबांना एवढं जरूर सांगा, की 2023 पासून ग्रॅमी या अमेरिकेतल्या नावाजलेल्या संगीत पुरस्कारांमध्ये गेमच्या संगीतासाठी वेगळा पुरस्कार आहे.

आणि कान जपायला आत्तापासून शिकवा. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो असं मानतात, पण दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात, आणि कॉन्सर्टला स्पीकरजवळ आवाज सहज तेवढा चढतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. पुढच्या कॉन्सर्टच्या तिकिटाबरोबर चांगले इअरप्लग घेऊन द्या.

फीबद्दल: जेईई तिला स्वतःला द्यायची आहे का, हे आधी तिला एकटीला, बाबा समोर नसताना विचारा. हो म्हणाली तर भरा. नाही म्हणाली तर बोर्ड आणि सीईटीपुरता साधा क्लास पुरे, आणि यूसीडच्या चित्रकलेच्या सरावाला वेळ ठेवा. यूसीडचे अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतात.