मुलांना कंटाळा न आणता रोजच्या बोलण्यात ख्रिस्ती विश्वास कसा आणावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन जळगावला आलात. तिकडे मोठी मंडळी होती, संडे स्कूल भरलेली असायची. इथे आठ वर्षांचा मुलगा वर्गात एकटाच ख्रिस्ती, पाच वर्षांची मुलगी कुटुंबप्रार्थनेत झोपून जाते, आणि तुम्ही काही सांगायला लागलात की दोघं ‘झालं परत सुरू’ अशा तोंडाने बघतात. मी अमळनेरची. माझा मोठा नववीत आहे, धाकटी चौथीत. माझं सरळ मत सांगते: सांगणं कमी करा आणि मुलांनी आपणहून विचारावं असं काहीतरी घरात घडत ठेवा. विचारलं की जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्या.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितली आहेत, पण त्यासाठी वर्ग भरवायला सांगितलेला नाही. घरी बसलेलं असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोला, असं आहे. ‘निर्गम’ पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याच्याही पुढचं आहे: मिसरातून सुटका झाल्याच्या आठवणीचा वल्हांडण सण पाळत राहायचा, आणि मुलं विचारतील की हे कशासाठी, तेव्हा सांगायचं. यहोशवाने यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून आणवले तेही याचसाठी, की पुढे कधीतरी मुलं विचारतील, हे धोंडे कसले? आधी कृती, मग मुलाचा प्रश्न, मग आईबापाचं उत्तर. आपण उत्तरापासून सुरू करतो, आणि मुलाला तर अजून काही प्रश्नच पडलेला नसतो.

मग आपल्या घरातले धोंडे कोणते? आमच्याकडे नवी दादर ज्वारी आली की सासरे त्यातली निवडक पायलीभर बाजूला काढून ठेवायचे, कापणीच्या सणाला चर्चमध्ये न्यायला. तिथे केळीचे घड, तूर, कोंबड्या, गावरान अंडी, जे ज्याच्याकडे असेल ते येतं आणि उपासना झाली की लिलाव होतो. माझ्या मुलाने लहानपणी आजोबांना विचारलं होतं, “चांगली चांगली ज्वारी तिकडे आणि खड्याची आपल्याला का?” आजोबा म्हणाले, “ज्याने दिली त्याला उरलंसुरलं द्यायचं का रे?” बस, एवढंच. पुढे देवाला आपल्या कळपातलं उत्तम देणाऱ्या हाबेलाची गोष्ट आली तेव्हा त्याला ती वेगळी समजावून द्यावी लागली नाही. तुमच्याकडे शेती नसेल, पण महिन्याचा पगार झाल्यावर दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, बाजूला काढता ना? ते पाकीट मुलांसमोर भरा. फोनवरून गुपचूप पाठवलेल्या पैशांबद्दल कोणतं मूल काय विचारणार?

कुटुंबप्रार्थना मात्र बंद करू नका, आखूड करा. एक गीत, चार-पाच वचनं, आणि प्रत्येकाचं एक वाक्य. मुलीला झोप आली तर झोपू द्या, तिच्या कानावर पडतंच. मोठ्यांनी पंधरा मिनिटं डोळे मिटून साऱ्या जगाचं मागणं मागायचं आणि मुलांनी गुडघे दुखेपर्यंत बसायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. लांब प्रार्थना तुम्ही एकटीने पहाटे करा, मुलांची तक्रार नाही. वाचायला मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढे सरकते. चौघांनी छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं तो भाग वाचल्यावर माझ्या लेकीचा पहिला प्रश्न होता, “मग त्या घरवाल्याचं धाब्याचं छत कोणी नीट केलं?” पाळकसाहेबांच्या प्रवचनात हा मुद्दा मी कधी ऐकला नव्हता. त्या रात्री आम्ही घरवाल्यावरच बोलत बसलो.

पाहुणे आले की मुलाला उभं करून सुवर्णवचन म्हणून दाखवायला लावतात ना, ते मला मुळीच पटत नाही. मुलाला त्यातून एवढंच कळतं की वचन ही आईची अब्रू राखण्याची वस्तू आहे. आणि ‘येशू बघतोय हं’ असं म्हणून दूध पाजणं, अभ्यास करवणं, भांडण थांबवणं हे त्याहून वाईट. आपल्या सोयीसाठी प्रभूला फौजदार केलं, तर मूल मोठं झाल्यावर फौजदारापासून जसं लांब राहतात तसंच राहील. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, हे पौलाने इफिसकरांना उगाच नाही लिहिलं.

वाटेने चालताना बोला, हे खानदेशात तर फारच सोपं आहे. पवित्र शास्त्रातला निम्मा देखावा आपल्या रस्त्यांवर दिसतो. भुईमूग काढून झाल्यावर सरवा वेचणाऱ्या बाया दिसल्या की अशीच शेतात सरवा वेचणाऱ्या रूथची गोष्ट सांगा. साक्रीच्या बाजूला जाताना ठेलाऱ्यांचे मेंढ्यांचे कळप रस्ता अडवतात. आम्ही एकदा असेच थांबलो होतो. मुलाने खिडकीतून एका मेंढपाळाला विचारलं, एवढ्यातली तुमची कोणती हे कसं ओळखता? तो म्हणाला, तोंडावरून. मुलाला ते खरंच वाटेना, पुढच्या गावापर्यंत तोच विषय चालला. तेविसावं स्तोत्र त्याला पाठ होतं, पण ते कोणाबद्दल आहे हे त्याला त्या दिवशी दिसलं. मी एवढंच म्हटलं की योहानात दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. बाकी कीर्तन केलं नाही. करायची हौस खूप होती, पण जीभ आवरली.

आणि तुम्ही आता जळगावात आहात, तिथे शेजारच्या आसोद्याची बहिणाबाई रोज कुठे ना कुठे कानावर येईल. शाळेत न गेलेली बाई, जातं ओढता ओढता आणि शेतात राबता राबता देवाबद्दल बोलली. कामात असताना देवाचं नाव निघणं या मातीला नवीन नाही. आपणही भाकरी थापताना गीत गुणगुणलो तर मुलं ते गीत घेतात. मुद्दाम शिकवलेलं विसरतात.

आता वर्गात एकटं असण्याचं. हा तुमच्या प्रश्नातला खरा जड भाग आहे. तुमच्या मुलाला दोन प्रश्न हमखास येतील. एक, “तुमना देव कोठे ऱ्हास?” आणि दुसरा, “तुम्ही इंग्रज आहात का?” पहिल्याचं उत्तर मुलालाच शोधू द्या, ते आपल्यापेक्षा चांगलं देतात. माझ्या मुलाने ‘आमच्याकडे पण येतो, तुमच्याकडे पण’ असं सांगून टाकलं होतं. त्यात देवशास्त्राच्या चुका काढायला मी बसले नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र घरात थोडी माहिती असावी. येशूचा जन्म बेथलेहेमचा, म्हणजे आशियातला, त्याने इंग्लंड पाहिलं नव्हतं. मराठीत नवा करार 1811 साली श्रीरामपूरला, बंगालमधल्या, छापला गेला. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही ते अभंगच लिहीत राहिले. लक्ष्मीबाई पुढे 1900 साली ख्रिस्ती झाल्या, नवऱ्यामागून लगेच नाही. ही माणसं मुलांना माहीत असली की ‘आपण इथलेच’ हे सिद्ध करायची त्यांना गरज वाटत नाही. शाळेत साने गुरुजींची प्रार्थना होत असेल; ते इथे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. ती घरीही म्हणा. माझ्या लेकीने विचारलं होतं, “ही आपली पण आहे का?” मी तिला लूकातला दहावा अध्याय काढून दिला, जखमी परक्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाचा, आणि म्हटलं तूच ठरव.

श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी शेजारी खानदेशातली देवी कानबाई बसेल. रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. तुमची मुलं पुण्यात वाढलेली, त्यांनी हे पाहिलेलं नसेल, तेव्हा ‘आपल्याकडे का नाही’ हे येणारच. तिच्या प्रसादाच्या रोटांचा प्रश्न बहुधा येणार नाही, कारण ते भाऊबंदातच खातात. इतर वेळी प्रसाद घ्यायचा की नाही यावर आपल्यातच घरोघर वेगळं चालतं. पौलाने पहिल्या करिंथकरांत आठव्या आणि दहाव्या अध्यायात या गोष्टीवर बरंच लिहिलंय, मूर्तिपूजेपासून दूर राहा असंही सांगितलंय, आणि समोरच्याच्या मनाला ठेच न लागण्यावर मोठा भर दिलाय. तुम्ही दोघं नवराबायको एकदा ठरवा आणि मुलांना एकच सांगा. काहीही ठरवलंत तरी दार लावून घेतल्यावर शेजाऱ्यांच्या देवाची टर उडवू नका. मुलं आपला विश्वास बायबलच्या गोष्टींतून जेवढा शिकतात, तेवढाच आपण दुसऱ्याबद्दल पाठीमागे काय बोलतो त्यातून शिकतात. आमच्या घरचा नियम असा: आपल्या प्रभूबद्दल कोणी विचारलं तर सांगायचं, दुसऱ्याच्या देवाबद्दल वाद घालायचा नाही. पेत्रानेही पहिल्या पत्रात तेच म्हटलंय, तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर सौम्यतेने उत्तर द्या.

सगळ्यात अवघड प्रश्न यांपैकी कोणताच नसतो. माझा भाऊ यावलकडे केळी करतो. एका वर्षी घड भरलेले असताना वादळ आलं. आदल्या रात्री आभाळ बघून मुलांनी आपणहून प्रार्थना केली होती. सकाळी फोन आला, बाग आडवी. लेक म्हणाली, “मग आपण कोणाशी बोललो?”

अशा वेळी ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य तोंडावर येतं. ते गिळा. मुलाला ते थाप मारल्यासारखं वाटतं, आणि भावाला त्या सकाळी कोणी तसं म्हटलं असतं तर त्याने फोन ठेवला असता. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, मलाही राग आलाय. मग तिला तेरावं स्तोत्र वाचून दाखवलं. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असं ते सुरूच होतं. तिला नवल वाटलं की देवाला असं विचारलेलं बायबलमध्येच छापलंय. तिने त्या रात्रीच्या प्रार्थनेत बरंच भांडून घेतलं, मी अडवलं नाही. हबक्कूकाचा शेवट, अंजीर फुललं नाही, शेतात पिकलं नाही तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, हा मी तेव्हा मुद्दाम काढला नाही. तो पुष्कळ दिवसांनी काढला, भाऊ नवीन खोडं लावायला लागला तेव्हा. घाई केली असती तर तेच वचन तिला खोटं वाटलं असतं. मरणाबद्दल विचारतील तेव्हाही असंच. आजी कुठे गेली असं विचारलं तर प्रभूजवळ, पुनरुत्थान होणार हे आपण मानतो, आणि आपल्याला तिची आठवण येऊन रडू येतं हेही खरं. लाजराच्या कबरेशी येशूही रडला होता. मुलांना कब्रस्तानात न्यायला घाबरू नका. ईस्टरच्या पहाटे आम्ही नेतोच, ती तिथे फुलं वाहतात, एकेका दगडावरची नावं वाचतात आणि हे कोण ते कोण विचारतात.

मिस्टर या बाबतीत गप्प असतात असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना उपदेश करायला लावू नका. त्यांनी मुलांच्या देखत ‘आज ऑफिसात चिडलो, त्या माणसाची माफी मागून आलो’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. तीमथ्याचं बघा, बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता, आणि पौल विश्वासाचं श्रेय देतो ते आजी लोईस आणि आई युनीके यांना.

आजीवरून आठवलं. माझ्या सासूबाई नवापूरकडच्या. तिकडे आदिवासी गावागावांत ख्रिस्ती मंडळ्या आहेत, चिंचपाड्याला मिशनचा दवाखाना आहे, आणि नाताळात रात्रभर ढोल वाजतो. तुमच्या मुलांना पुण्यासारखी गर्दी हवी असेल तर यंदाच्या नाताळात तिकडे कोणाची ओळख काढून घेऊन जा. जळगावहून सुरतेच्या लाईनीवर गाडी अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत थेट नवापूरला जाते. मराठीत नसलेली गीतं ऐकतील, तिकडची मावची बोली बोलणारी मुलं त्यांच्याबरोबर खेळतील, आपण खानदेशात फार थोडे आहोत ही समजूतही जाईल. तिकीट मात्र आधी काढा, त्या आठवड्यात सुरतेला कामाला गेलेले सगळे गावी परततात. मुलांसाठी स्वेटर घ्या, तिकडे रात्री चांगलीच थंडी पडते.