वेकबोर्डवर (बोटीमागे दोरीने ओढला जाणारा बोर्ड) पहिला १८० (उडीत अर्धी गिरकी) कसा शिकायचा? वेक (बोटीमागे उठणारी लाट) पार होते, पण फिरायला गेलं की तोंडावर आपटतो.

वेक पार होत असेल तर अर्धं काम झालंय. आधी सपाट पाण्यावर, उडी न मारता बोर्ड घसरवत १८० फिरवा आणि नेहमी मागे असणारा पाय पुढे ठेवून शंभरेक मीटर आरामात जाता येईपर्यंत वेकवर जाऊ नका. हा टप्पा गाळणारेच जास्त आपटतात.

मग दोरी १५ मीटरच्या आसपास, बोट ताशी २८-३० किमी. बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर झुकून वेककडे या, झुकाव हळूहळू वाढवा, वेकच्या माथ्यावर गुडघे ताठ करून उभे राहा. खांदे आधी वळवू नका, तिथेच कड सुटते आणि उडी मरते. बोर्ड पाण्यावरून सुटल्यावर छाती बोटीकडे उघडा, मागचा हात सोडा आणि दोरीचं हँडल पुढच्या पायाकडच्या कमरेला चिकटवून ठेवा. हात लांबला की दोरी तुम्हाला ओढते, बोर्ड आडवाच राहतो आणि पुढची कड पाण्यात रुतते. तुमचं आपटणं बहुधा यातलंच. उतरताना गुडघे मऊ, वजन किंचित चवड्यांवर, नजर किनाऱ्याकडे. पायांकडे पाहिलंत की कमरेत वाकलात.

मालवणजवळच्या देवबागला सराव करणार असाल तर समुद्रापेक्षा कर्ली खाडी बरी. सकाळी वारा पडलेला असताना, भरतीच्या पाण्यात जा. ओहोटीला वाळूचे पट्टे वर येतात. बोटीत चालकाखेरीज मागे बघणारा एक माणूस हवाच. लाइफ जॅकेट, हेल्मेटही.