मलम जोर लावून चोळलं तर औषध जास्त आत जातं का?

तुम्ही विचारलंय, जांघेतल्या नायट्यावर मलमाचा जाड थर देऊन खूप चोळलं तर लवकर बरं होईल का. नाही होणार. गोव्यातल्या फोंड्यात फार्मसीच्या काउंटरवर मला हा प्रश्न दर पावसाळ्यात ऐकू येतो.

आपल्याकडची चिऱ्याची भिंत डोळ्यांसमोर आणा. त्वचेचा सर्वांत वरचा थर तसाच असतो: मृत पेशी म्हणजे चिरे, त्यांच्या फटींतला मेद म्हणजे चिरे जोडणारा चुना. बहुतेक ठिकाणी जाडी फक्त 10 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), पण अडवणूक खरी तीच करते. औषध मुख्यतः त्या मेदातून हळूहळू झिरपतं, आणि तेही रेणू लहान असेल तरच. रेणूचं वजन डाल्टनमध्ये मोजतात; साधारण 500 डाल्टनच्या वर वाट जवळजवळ बंद. इन्सुलिन 5800 च्या आसपास, म्हणून ते कातडीवर लावून चालत नाही, टोचावं लागतं. टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध 291, ते सहज शिरतं. शिवाय नायट्याची बुरशी याच वरच्या थरात राहते, त्यामुळे औषध खोल ढकलायची गरजच नाही. त्वचेला टेकलेला पातळ थर काम करतो, वरचा कपड्याला लागतो.

फरक पडतो तो जागेने. 1967 साली अमेरिकेत फेल्डमन आणि मायबाक यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड वेगवेगळ्या जागी लावून किती आत शिरतं ते मोजलं. कोपर ते मनगट या भागात आतल्या बाजूला 1 धरलं तर कपाळावर 6, जबड्याच्या कडेला 13, अंडकोशावर 42, तळपायाला मात्र 0.14! जांघेत त्वचेला त्वचा चिकटलेली, त्यात ओली चड्डी. म्हणजे मलमावर प्लास्टिक गुंडाळल्यासारखंच, औषध आणखी शिरतं.

म्हणूनच बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेल्या मिश्र मलमांची मला भीती वाटते. दिवसभर रेनकोट घालून मोटारसायकल चालवणारा एक पायलट, म्हणजे आमच्याकडचा मोटारसायकल-टॅक्सीवाला, माझ्याकडे असल्या मलमाची तीच ट्यूब पुन्हा मागायला आला होता. दोन दिवसांत खाज जायची, बंद केली की दुप्पट पसरायचं. ट्यूबवर क्लोबेटासॉल होतं. एवढं तीव्र स्टेरॉइड, जांघेत, कित्येक महिने! कातडी पातळ होऊन कायमचे चट्टे उठले होते. मी ट्यूब दिली नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं.

तुमच्या ट्यूबवरचं बारीक अक्षर आधी वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन यांसारखं स्टेरॉइड दिसलं तर आजच डॉक्टरांना दाखवा. नुसतं बुरशीचं औषध असेल तर जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून पातळ लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं मलम, साधारण अर्धा ग्रॅम, दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा.