घरात कुत्रा-मांजर असताना पाळणाघर चालवता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या वडगावात घरच्या घरीच पाळणाघर सुरू करायचं आहे, घरात सहा वर्षांचा लॅब (लॅब्रॅडॉर कुत्रा) आणि दोन मांजरं आहेत, सासूबाई म्हणतात कुत्रा शेतावर नेऊन सोडा, आणि कुत्रं आहे म्हटल्यावर पालक मुलं पाठवतील का याची तुम्हाला धास्ती आहे. मी अनगोळमध्ये बरीच वर्षं पाळणाघर चालवते. माझ्याकडे चिंगी नावाची गावठी कुत्री आहे आणि मन्या नावाचा बोका. तेव्हा जे रोज करते तेच सांगते.

चालवता येतं, ताई. पण "आमचा कुत्रा फार गरीब आहे हो" हे वाक्य पालकांनाही सांगू नका आणि स्वतःच्या मनालाही सांगू नका. तुमचा लॅब खरोखरच गरीब असेल. तरी पाळणाघराचा भरवसा त्याच्या गरीबपणावर ठेवायचा नाही, मधल्या दारावर ठेवायचा. मुलं आणि कुत्रा एका खोलीत मोकळे कधीच नकोत, तुम्ही समोर बसलेल्या असलात तरीही. एका मुलाचं नाक पुसायला मान वळवली की तेवढ्यात दुसरं कुत्र्याच्या अंगावर पडलेलं असतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीला येतं, म्हणून लहान मुलांना चावा बसतो तो बऱ्याचदा चेहऱ्यावर, मानेवर. आणि असे चावे अनोळखी कुत्र्यांपेक्षा घरातल्या, शेजारच्या ओळखीच्या कुत्र्यांचेच जास्त असतात.

चिंगीचंच सांगते. एकदा एक छोटी मुलगी हातात शिऱ्याची वाटी घेऊन जाळीच्या दाराला चिकटून उभी होती. पलीकडे चिंगी बसलेली. मुलगी जाळीवर चिकट तळवा आपटत होती आणि "यू यू" करत होती. चिंगीने तोंड बाजूला वळवलं. मग काही खाल्लेलं नसताना जीभ ओठांवरून फिरवली, एक जांभई दिली, आणि डोळ्याच्या कडेने असं बघितलं की बुबुळाशेजारचा पांढरा भाग दिसायला लागला. न्यायला आलेली आई म्हणाली, "बघा की मावशी, किती शांत बसलीय!" ती शांत नव्हती. जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्यातला पांढरा भाग दिसणं, ही सगळी कुत्र्याची "मला इथून जाऊ द्या" म्हणायची रीत आहे. त्याकडे लक्ष दिलं नाही की ते गुरगुरतं. गुरगुरल्याबद्दल फटका खाल्लेलं कुत्रं पुढे गुरगुरायचंच सोडतं आणि एकदम चावतं. म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधी मारू नका, तिथून बाजूला घ्या. मी "चिंगी, आत" म्हटलं तशी ती उठून जिन्याखालच्या आपल्या जागी गेली. त्या जागेवर घरातलं कुणीही तिला हात लावत नाही, माझी स्वतःची मुलंसुद्धा नाहीत. तुमच्या लॅबलाही अशी एक जागा द्या. मुलांना कुत्र्यापासून वाचवायचं तेवढंच कुत्र्यालाही मुलांपासून सुटका मिळायला हवी. दिवसभर कालवा ऐकून तोही शिणतो.

आता दाराचं. आमचं घर जुन्या धाटणीचं: पुढे सोपा, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परडं. सोपा आणि माजघर मुलांचं, मागची खोली आणि परडं चिंगीचं. मधलं दार उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलं. उभ्या गजांचं दार करू नका. गजांतून मुलाचा हात पलीकडे जातो आणि कुत्र्याचं तोंड अलीकडे येतं. बोटही जाणार नाही अशी बारीक जाळी वेल्ड करून घ्या, उंची मोठ्या माणसाच्या छातीइतकी, कडी वरती आणि ती कुत्र्याच्या बाजूने. खाली फट ठेवू नका. मुलं पालथी झोपून तिथूनच हात घालतात. दार आपोआप मिटेल अशी स्प्रिंग लावा, कारण कडेवर एक मूल आणि हातात दुधाची बाटली असताना कडी लावायची राहून जाते. आणि या दाराच्या मागे आणखी एक दार असू दे, आमच्याकडे स्वयंपाकघराचं आहे. एक चुकून उघडं राहिलं तरी दुसरं मिटलेलं असतं.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे मुलं सोडायची आणि न्यायची. सकाळच्या पाळीला जाणारे पालक घाईत, गाडी चालूच, फाटक उघडं, मूल रडतंय. संध्याकाळी तेच उलट. त्यात बापाच्या डोक्यावर हेल्मेट असलं की बरीच कुत्री बिथरतात. या दोन्ही वेळांना कुत्रा आधीच दोन दारांच्या आड गेलेला हवा, पहिली गाडी वाजल्यावर नाही. दुपारी मुलं झोपली की मदतनीस अक्का त्यांच्याजवळ बसते आणि चिंगीची फेरी होते. फिरून आलेला, दमलेला कुत्रा संध्याकाळचा गोंगाट जास्त चांगला सोसतो. गणपतीत, दिवाळीत, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री आपल्याकडे डॉल्बी आणि फटाक्यांनी कुत्र्यांची झोप उडते. त्याच्या दुसऱ्या दिवशी जाळीपाशीसुद्धा त्याला आणू नका.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "चावतंय काय हो?" दुसरा: "इंजेक्शन दिलंय नव्हं?" पहिल्याला उत्तर म्हणून दार दाखवा. दुसऱ्याला लसीचं कार्ड. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात आणि पुढे वर्षाला बूस्टर. सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन म्हणतात त्या एकत्रित लसी कुत्र्याच्या इतर आजारांसाठी असतात, तेव्हा कार्डावर रेबीजची नोंद आणि तारीख स्पष्ट दिसते का ते बघा. मांजरांनाही रेबीजची लस द्या. मांजर बाहेर भटकतं, भांडून ओरखडे घेऊन येतं, आणि मांजरापासूनही रेबीज होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. जंताचं औषध मोठ्या कुत्र्या-मांजरांना दर तीन महिन्यांनी. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड वाढतात, तेव्हा गोचिडांचं औषधही डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. या सगळ्याची एक वही करा आणि पालकांच्या हातात द्या. नाव घालायला येतील तेव्हाच सांगा की घरात कुत्रा आहे, मांजरं आहेत, त्यांची जागा ही. तेच कागदावर लिहून सही घ्या. कागद मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत करा. निम्मे पालक कन्नड असतील, आणि ज्या कागदावर सही करायची तो स्वतःच्या भाषेत वाचता आला पाहिजे. त्याच कागदावर दमा, खाज, ऍलर्जी आहे का ते विचारा. मांजराच्या लाळेतून आणि कातडीतून येणारा ऍलर्जीचा अंश कपड्यांना, गाद्यांना चिकटून राहतो. मांजर त्या खोलीत नसलं तरी दम्याच्या मुलाला त्रास होऊ शकतो. अशा पालकांना मी सरळ दुसरं पाळणाघर सुचवते. "लहानपणी प्राणी असले की मुलं घट्ट होतात" असं सांगून कुणाला गळ घालू नका.

काही पालक नाही म्हणतील. म्हणू द्या. जे येतील ते सगळं बघून आलेले असतील, आणि पुढे कुरबूर होणार नाही.

चुकून चावा किंवा ओरखडा झालाच, तर काय करायचं ते आधी पाठ हवं. नळाखाली साबण लावून 15 मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून 15 मिनिटं, मूल कितीही रडलं तरी. हळद, मिरची, चुना, तेल काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. पालकांना लगेच फोन आणि त्याच दिवशी दवाखाना. "आमच्या कुत्र्याला लस दिलीय" म्हणून थांबायचं नाही. पुढचं डॉक्टर ठरवतील. स्नायूत द्यायची लस असेल तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी देतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. घरातली म्हातारी माणसं अजून पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीती घालतात. ती जुनी लस आपल्याकडे 2004 च्या अखेरीपासून बंद आहे. कुत्र्याला कुठेही न सोडता 10 दिवस नजरेखाली ठेवायचं. आणि घरात प्राणी असलेल्या मुलांना आधीच रेबीजची लस देता येते. तुमच्या स्वतःच्या मुलांसाठी आणि मदतनीस बाईसाठी डॉक्टरांना जरूर विचारा.

मांजरांचं तंत्र वेगळं आहे. त्यांना दार पुरत नाही, खिडकीला जाळी लागते. आपल्याकडे अजून नऊवारीची झोळी बांधतात, आणि ऊबदार झोळी मांजराला फार आवडते. मन्या रिकाम्या झोळीत जाऊन झोपायचा, म्हणून मूल उचललं की झोळी गुंडाळून वर टांगायची हा आमचा नियम आहे. मूल आत असताना तर मांजर त्या खोलीत यायलाच नको. लहान बाळाला तोंडावर आलेलं काही बाजूला करता येत नाही. अंगणात वाळू टाकली असेल तर रात्री ताडपत्रीने झाका, नाहीतर मांजरं तिचा संडास करतात आणि जंतांची अंडी वाळूत राहतात. मांजराची घाण रोजच्या रोज काढा, कारण त्यातला टोक्सोप्लाझ्माचा जंतू एका दिवसानंतर लागण करण्याजोगा होतो. मदतनीस बाई किंवा घरातलं कुणी गरोदर असेल तर हे काम तिला सांगू नका. नवं पिल्लू घरी आणलंत तर गजकर्ण बघा. पिल्लाच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले की डॉक्टरांना दाखवेपर्यंत ते मुलांच्या कपड्यांजवळ नको.

खाण्याचंही लक्षात ठेवा. मुलं जेवतात तिथे कुत्रा नको आणि कुत्र्याची थाळी मुलांच्या वाटेत नको. मुलांच्या हातून सांडलेले बेदाणे, द्राक्षं, वाढदिवसाचं चॉकलेट, कांदा हे कुत्र्याला विषासारखं आहे, म्हणून मुलं झोपली की आधी केर काढायचा. हात धुणं तर सगळ्यांचंच.

पोपटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पाळणाघरात मुलांना रमवायला म्हणून कुणी पिंजरा सुचवतं. आपला हिरवा पोपट घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यापेक्षा झाकण असलेली माशांची टाकी ठेवा. आणि कुणी मुधोळचं पिल्लू देऊ केलं तर आत्ता घेऊ नका. जात फार देखणी, इमानी, पण ते शिकारी कुत्रं आहे. पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं त्याच्या रक्तात आहे, आणि पाळणाघरात दिवसभर कुणी ना कुणी पळतच असतं.

आता सासूबाई. त्यांची काळजी मुलांपोटीच आहे, तेव्हा भांडू नका, त्यांना हे सगळं वाचून दाखवा. सहा वर्षं माणसांत राहिलेला कुत्रा शेतावर नेऊन सोडला तर तो खाईल काय, तिथली कुत्री त्याला राहू देतील का? पाळलेला प्राणी असा उपाशी मरायला सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. तसंच, आपल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे सोडायचाही नाही आणि मोकळाही ठेवायचा नाही. दार लावून ठेवायचा, हाच मार्ग उरतो.

जाळीचं दार मात्र आत्ताच करायला टाका. पहिलं मूल यायच्या आधी निदान महिनाभर ते बसलेलं हवं. त्या महिन्यात रोज थोडा थोडा वेळ लॅबला दारामागे ठेवा, तिथेच त्याचं खाणं द्या, तिथेच त्याचं हाडूक द्या. मुलं आल्यावर अचानक कोंडलात तर तो मुलांवर डूख धरेल. आधीपासून सवय असली की ती त्याची जागा होते. आणि सुरुवात मैत्रिणीच्या एखाद्या मुलापासून करा, शनिवारी दोन तास. लॅब दारामागे शांत पडून राहतो की सारखा भुंकत फेऱ्या मारतो, ते तेव्हाच कळेल. फेऱ्या मारत राहिला तर त्याची वरच्या मजल्यावर किंवा दीर-जावेकडे दिवसापुरती सोय होते का ते बघा, आणि मगच पाटी लावा.