सगळ्या गोष्टी पात्रांमधल्या वाटाघाटींवरच चालतात का?

सगळ्या नाही हो. पण तुम्हाला असं का वाटलं ते कळतं, कारण लक्षात राहिलेले प्रसंग आठवून बघा, निम्म्या ठिकाणी एक जण काहीतरी मागतोय आणि दुसरा द्यायला तयार नाहीये.

गोव्यात आमच्या पेडण्याला जत्रेत रात्रभर दशावताराचं नाटक असतं. आख्यान ठरलेलं, पण संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. लहानपणी सत्यवान-सावित्री बघताना मी पेंगत होतो, आजीने कोपर मारून उठवलं, आता बघ म्हणाली. यम म्हणतो नवऱ्याचे प्राण सोडून काय ते माग. ती सासऱ्याचे डोळे मागते, गेलेलं राज्य मागते, बापाला शंभर मुलगे मागते, शेवटी स्वतःला शंभर, आणि यम तथास्तु म्हणून बसतो! त्या रात्री यमाचं काम करणारा बुवा मात्र तिसऱ्या वराला अडूनच बसला, मग सावित्री झालेल्या नटाला (पुरुषच, साडीतला) नवीन नवीन मुद्दे काढावे लागले, पेटीवाला पण हात थांबवून दोघांची तोंडं बघत होता. म्हणजे वाटाघाट पात्रांची तशी नटांची पण चाललेली.

कृष्णशिष्टाई घ्या, पाच गावं द्या म्हटलं तर दुर्योधन सुईच्या टोकाएवढी माती द्यायला तयार नाही. बोलणी फिसकटली म्हणून तर पुढचं युद्ध.

पण श्रावणबाळाचं काय? दशरथाला अंधारात घागर भरल्याचा आवाज आला, हत्ती पाणी पितोय वाटलं, बाण सोडला, संपलं. कोण कोणाशी बोलणार? नंतर म्हातारा बाप शाप देतो तेव्हा पण घासाघीस नाहीच, दशरथ मान खाली घालून ऐकून घेतो.

आणि उलट, नुसती घासाघीस म्हणजे गोष्ट नव्हे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आई बांगडे मासळीचा भाव करते, चार पावलं पुढे जाते, मागून "व्हर बाये" (घेऊन जा बाई) ऐकू येतं, झालं. एकदाच ती हाक आली नाही. आईला परत फिरायचा कमीपणा वाटला आणि घरी आम्हाला सोलकढी-भात. बाबा अजून पाहुण्यांना हे रंगवून सांगतात, आई अजून चिडते.

तुम्ही स्वतः लिहीत असाल आणि कुठे अडला असाल तर दोघांनाही काय सोडायचं नाहीये ते आधी कागदावर काढा. समोर समुद्र किंवा आजारपण असेल तर हे राहू दे, त्यांच्याशी कसला भाव करणार.