समुद्रात मासा किती उरलाय हे मोजतात कसं? उत्पादन वाढल्याच्या बातम्या येतात, मग मासळी संपतेय असं का म्हणतात? पावसाळी बंदी हवी का, आणि परराज्यातल्या बोटींचं काय?

प्रश्नाखाली तुम्ही "हे शास्त्रज्ञ एसीत बसून आकडे लावतात" असं एक वाक्य जोडलंय. ते नसतं तर मी हा प्रश्न वाचून पुढे गेले असते.

फिशरीजची पदवी घेतल्यावर रत्नागिरीजवळच्या एका बंदरात मी मोजणीचं काम केलंय. दुपारी बारा ते सहा जेट्टीवर उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा पुन्हा तेच, आणि मधल्या रात्री लागलेल्या बोटींची चौकशी करून नोंद घ्यायची. कुठलं बंदर आणि कुठला दिवस हे सोडतीने ठरतं, आपल्या सोयीने नाही. लिलाव सुरू असताना क्रेटमधून पापलेट उचलून मापाच्या फळीवर ठेवायचं, लांबी लिहायची, परत टाकायचं. व्यापारी खेकसतो, बर्फ वितळतोय म्हणून तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, ओरडतो. एसी वगैरे काही नसतो.

लांबी का, वय का नाही? थंड देशांत माशाच्या कानातल्या हाडावर वर्षाची कडी उमटते, झाडासारखी मोजता येते. आपल्याकडे पाणी बारा महिने उबदार, कडी स्पष्ट पडत नाही. म्हणून महिन्याला शेकड्याने लांब्या घ्यायच्या आणि बघायचं की या महिन्यात बारा सेंटीमीटरवर असलेला घोळका पुढच्या महिन्यात कुठे सरकला. त्यावरून वाढीचा वेग कळतो. मोठ्या आकाराचे मासे किती झपाट्याने विरळ होतात, त्यावरून मरणाचा दर. 1980च्या आसपास मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी मनिलात बसून हे गणित उष्ण कटिबंधासाठी सुटसुटीत केलं, तेव्हापासून भारत, फिलिपिन्स, इंडोनेशिया सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. एकूण मरणात जाळ्याचा वाटा निम्म्याच्या वर गेला की समजायचं, ओरबाडणं चालू आहे. ढोबळ नियम आहे, पण कामाचा आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हाच प्रश्न माझ्या काकांनी मला ऐन गणपतीत, सगळ्या भावकीसमोर विचारला होता. काकांचा ट्रॉलर आहे. म्हणाले, "काय गो, माशाला जन्मदाखला मागतेस काय? माझ्या बोटीला दर फेरीला पूर्वीपेक्षा जास्त माल लागतो. मग मासा कमी कसा झाला?" सगळे हसले. मी म्हटलं, काका, फेरी किती दिवसांची ते पण सांगा. त्यांनी विषय गणपतीच्या नैवेद्यावर नेला.

पण बोटीचा हिशेब काकू ठेवते. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल, सगळं तारीखवार. तिने वह्या काढून दिल्या, जुन्या सुद्धा. सुरुवातीच्या वह्यांत बोट पहाटे निघून दिवेलागणीला परत. पंधरा-वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोलीत ओढायचं आणि घरी यायचं. आताच्या वह्यांत एक फेरी आठवड्याच्या वर, देवगडच्याही खाली, खोल पाण्यात. फेरीचा माल वाढलाय हे खरंच. जाळं ओढण्याच्या तासाने भागलं तर तो निम्म्याच्याही खाली. आणि माल कसला? आधी पापलेट, सुरमई, मधूनच एखादी घोळ. आता राणी मासा, माकुल, आणि फिशमीलच्या (मासे सुकवून केलेल्या भुकटीच्या) कारखान्याला जाणारा बारीक चुरा, ज्याला वहीत नावसुद्धा नाही, नुसतं वजन.

विहिरीवर मोठा पंप बसवला की पाणी जास्त येतंच, त्यावरून विहीर भरलेली ठरत नाही. काकांना हे सांगितलं, तेवढ्याच माशासाठी डिझेल जास्त जळतंय म्हटलं, तर म्हणाले, डिझेल महागलं ते सरकारमुळे. मी लिटर सांगत होते, ते रुपये ऐकत होते.

पर्ससीनचं, म्हणजे थव्याला वेढा घालून खालून बटव्यासारखं आवळायच्या जाळ्याचं, तर आणखी वाईट. बांगडा, तारली थव्याने राहतात. थवे दहाचे दोन झाले तरी सोनार यंत्रावर (आवाजाच्या लहरींनी थवा शोधणाऱ्या) ते दोन सापडतात आणि जाळं भरतं, म्हणजे साठा आटेपर्यंत पकड छानच दिसते. शिंगाळा या माशाचं उदाहरण घ्या. त्याचा नर अंडी-पिल्लं तोंडात धरून फिरतो. कर्नाटकात पर्ससीन आल्यावर तोंडात अंडी असलेले थवेच्या थवे उचलले गेले. त्या वर्षांचे आकडे बघितलेत तर वाटेल, काय बहर आलाय! नंतर शिंगाळ्याचा धंदाच बसला.

उलटही होतं, हे काकांच्या बाजूने सांगायला हवं. 2019 मध्ये महाराष्ट्राची पकड 2.01 लाख टनांवर आली, आदल्या वर्षी 2.95 लाख होती. "45 वर्षांतला नीचांक" अशा बातम्या आल्या. पण त्या वर्षी ऐन हंगामात क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ आली, बोटी बंदरात बांधून होत्या. जाळंच पडलं नाही तर मासा येणार कुठून? एका वर्षाची नुसती टनांची बेरीज वर गेली काय, खाली आली काय, साठ्याबद्दल फार बोलत नाही. तास, खोली आणि लांबी सोबत लागते. तास आणि खोली मालकच लपवतात, कारण आपली जागा दुसऱ्याला कळू द्यायची नसते. काकांच्या जीपीएसमधले पॉइंट त्यांच्या सख्ख्या भावालाही माहीत नाहीत. वर हेच लोक म्हणणार, सर्वेक्षण खोटं आहे!

सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) 2022 साठी देशभरातले 135 साठे (एका भागातली एका जातीची मासळी म्हणजे एक साठा) तपासून 91.1 टक्के ठीक असल्याचं सांगितलं, तो आकडा कुणीतरी तुमच्या तोंडावर मारेलच. मी तो खोटा म्हणत नाही. पण देशाची टक्केवारी तुमच्या बंदरातल्या पापलेटला लागू पडेलच असं नाही.

थोडं सबुरीनेही घ्या. सगळा दोष जाळ्याला देता येत नाही. केरळात तारली 2012 मध्ये चार लाख टनांच्या घरात होती, 2021 मध्ये 3,297 टन. त्यात समुद्राच्या तापमानाचा, एल निनोचा (प्रशांत महासागर तापण्याच्या चक्राचा) हात होता, आणि पुढे ती बरीचशी परतलीही. लांबीवरून काढलेलं गणितही नमुना एकाच प्रकारच्या जाळ्यातून घेतला तर फसतं, बारीक पिल्लं मोठ्या आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, निसटतात आणि नोंदीत येतच नाहीत.

1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीचं विचारलंयत. असावी, पण माझ्या मते ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे, कारण पावसात तसंही कोण जातं? खरं काम बोटींची संख्या आणि जाळ्याचा आस. राज्याने नेमलेल्या सोमवंशी समितीने 2012 मध्येच पर्ससीन बोटी कमी करायला सांगितलं होतं, निर्बंधांचा आदेश निघाला फेब्रुवारी 2016 मध्ये. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान आकार ठरवला, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. आता लिलावात तळहाताएवढं पापलेट दिसलं तर ते कोण परत पाठवणार? मासा तोवर मेलेला असतो. जाळ्याचा खोळा (मासा साठतो ते शेवटचं टोक) धक्क्यावरच, बोट निघायच्या आधी तपासायला हवा, हे मी काकांनाही तोंडावर सांगितलंय.

परराज्यातल्या बोटींबद्दलही विचारलंयत, ते वेगळ्या उत्तरात लिहीन. त्या एका मुद्द्यावर काकांचं आणि माझं एकमत आहे.