बायफेनिलचा सच्छिद्र पॉलिमर: बीईटी ८५ च का आलं?

प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यात एमएस्सी प्रोजेक्टसाठी १.५४ ग्रॅम बायफेनिल (१० मिलिमोल), डायमेथॉक्सिमिथेन (रेणू जोडणारा दुवा) आणि फेरिक क्लोराईड (उत्प्रेरक) प्रत्येकी ३० मिलिमोल, डायक्लोरोइथेनमध्ये थेट ८० अंशांवर ठेवलं. मेथॅनॉलने एकदा धुतलं. २.३ ग्रॅम भुकटी मिळाली, बीईटी (नायट्रोजन वायू शोषून मोजलेलं पृष्ठफळ) मात्र ८५ चौ.मी. प्रति ग्रॅम.

उत्तर त्या २.३ मध्येच आहे. दोन बायफेनिल रेणूंमध्ये एक मिथिलीन (CH₂) पूल जुळला की निव्वळ एका कार्बनची भर पडते. सगळे पूल जुळले तरी वजन १.९ ग्रॅमच्या वर जात नाही. वरचे ०.४ ग्रॅम म्हणजे अडकलेलं लोखंड, द्रावक आणि एकाच टोकाने लटकलेले मेथॉक्सिमिथाइल गट. छिद्रं यांनीच बुजली आहेत.

डायमेथॉक्सिमिथेन ४२ अंशांना उकळतं. मे महिन्यात आपल्या खान्देशात ते बाटलीतच उकळायला लागतं, म्हणून बाटली फ्रिजमध्ये गार करून मगच उघडा आणि २.६५ मिली घ्या. नायट्रोजनखाली, कंडेन्सरला बर्फाचं पाणी लावून आधी ४५ अंशांवर ५ तास, मग ८० वर १९ तास. साखळ्या द्रावकात फुगलेल्या असतानाच गाठी (साखळ्यांना जोडणारे पूल) बसायला हव्यात. ताणून विणलेल्या खाटेची भोकं जशी टिकतात, तसं. घट्ट जेल होऊन चुंबकी ढवळणी अडकली तर घाबरू नका, ते चांगलंच लक्षण आहे.

फेरिक क्लोराईड (४.८७ ग्रॅम) निर्जल, काळपट हवं. पावसाळ्यात पिवळं होऊन पाघळलेलं असेल तर वापरू नका. ते डायमेथॉक्सिमिथेनच्या बरोबरीने लागतं, कारण सुटणारं मेथॅनॉल त्याला धरून बसतं.

खरी मेहनत धुण्यात आहे. आधी मेथॅनॉल, मग मेथॅनॉलमध्ये थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, शेवटी मेथॅनॉलनेच सॉक्सलेट (गरम द्रावकाने पुन्हा पुन्हा धुणारं काचेचं उपकरण) २४ तास. गाळलेल्या थेंबावर अमोनियम थायोसायनेट टाका. लाल झालं तर अजून धुवा. खात्रीसाठी चिमूटभर भुकटी जाळा: तांबूस राख म्हणजे लोखंड आतच.

बीईटी मोजण्याआधी भुकटी १२० अंशांवर, व्हॅक्यूममध्ये रात्रभर ठेवा. ६० वर तासभर पुरत नाही. आणि सूक्ष्म छिद्रांसाठी ०.०५ ते ०.३ ही सापेक्ष दाबाची नेहमीची कक्षा डोळे झाकून लावू नका. बीईटी समीकरणातला सी स्थिरांक ऋण आला तर कक्षा खाली, ०.१ च्या आत आणा.

हे सगळं फ्यूम हूडमध्येच. डायक्लोरोइथेनवर कर्करोगकारक असल्याचा संशय आहे.